पितळेची छोटी तोफ : आपण कुठे खोटं बोललो?



आपल्याकडे येणारे प्रश्न बहुतेक वेळा जप, उपास, घरातले वाद, मुलांची लग्नं याबद्दल असतात. या वेळी बडोद्याच्या एका तरुण गुरुबंधूंनी एका तोफेबद्दल विचारलं आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव देत नाही. पण प्रश्न असा आहे की तो थोड्याफार फरकाने आपल्या प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी उभा राहतो. म्हणून या अंकाची सगळी जागा त्यालाच देतो आहे.

त्यांच्या घरी देवघराशेजारच्या कोनाड्यात दीड वीत लांबीची एक पितळी तोफ आहे, लाकडी गाड्यावर बसवलेली. दर खंडेनवमीला ती खाली उतरवतात, चिंचेने घासून लख्ख करतात, हळद-कुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात. आणि मग आजोबा गोष्ट सांगतात : ही तोफ गायकवाड सरकारच्या दरबारात सलामीला वाजायची, पणजोबांवर सरकारची मर्जी बसली आणि ती त्यांना बक्षीस मिळाली. आजोबा आता 86 वर्षांचे आहेत. ही गोष्ट त्यांनी स्वतःच्या वडिलांच्या तोंडून ऐकली.

आजोबांनी हयातीतच वाटण्या करून द्यायचं ठरवलं आहे. दोन मुलगे. थोरले काका म्हणाले, "मला तोफ द्या. तिच्या बदल्यात मागची भाड्याची खोली धाकट्याकडे जाऊ दे." सगळ्यांना पटलं. दिवाळीनंतर कागद व्हायचे आहेत.

हे गुरुबंधू धाकट्या भावाचे चिरंजीव. काकांना तोफेची नीट माहिती लिहून द्यावी, जमलं तर एखाद्या जाणकाराला फोटो पाठवावेत, या चांगल्या हेतूने त्यांनी ती तपासायला घेतली. जे दिसलं ते पाहून ते गप्प झाले. वडिलांना तेवढं सांगितलं. वडील म्हणाले, "तू यात पडू नकोस. दादालाच ती हवी आहे. आपण कुठे खोटं बोललो?"

या चार शब्दांनी त्यांची झोप उडाली आहे. विचारतात : गप्प राहणं हे खोटं बोलणं आहे का? आणि आजोबांच्या शब्दावर शंका घेणं हा त्यांचा अपमान आहे का?

आधी तोफेकडे बघू. वस्तू काय सांगते ते समजल्याशिवाय माणसांचा प्रश्न सुटायचा नाही.

*तपासणी कशी करतात*

अशी छोटी जुनी तोफ हातात आली तर पहिली गोष्ट सुरक्षिततेची. तिच्या तोंडासमोर उभं राहू नये, आत काही भरलेलं आहे असं धरूनच चालावं. हे उगाच घाबरवणं नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ठेवलेली अठराव्या शतकातली एक तोफ 2013 साली साफ करायला घेतली, तेव्हा तिच्यात दारू आणि गोळा तसाच भरलेला निघाला. इतकी वर्षं लोक तिच्या आसपास वावरत होते. आणि हौस म्हणून दारू भरून वाजवून बघणं तर मुळीच नको; ते धोक्याचंही आहे आणि कायद्यातही बसत नाही.

मग धातू. लोहचुंबक लावून बघायचं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. त्याला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. त्यानंतर वजन. तोफेची नळी गाड्यावरून उतरवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायची. मग काठोकाठ भरलेल्या पातेल्यात अलगद बुडवायची, आतली हवा निघून जाऊ द्यायची आणि बाहेर सांडलेलं पाणी मोजायचं. समजा नळी 1,700 ग्रॅम भरली आणि पाणी 200 मिलिलिटर सांडलं, तर भागाकार येतो 8.5. पितळेचा आकडा साधारण 8.4 ते 8.7 मध्ये असतो. जस्ताचा हलका मिश्रधातू ओतून वर पितळी रंग दिला असेल, तर आकडा सातच्याही खाली येतो. आपल्या गुरुबंधूंच्या तोफेचा आकडा बरोबर आला. धातू खरा.

तिसरं, तोफेचा कान. नळीच्या मागच्या अंगाला वरून एक बारीक भोक असतं. त्यात रंजक, म्हणजे बारीक दारू घालून बत्ती देतात. ती ठिणगी आतल्या दारूपर्यंत जाते आणि बार होतो. वाजणाऱ्या तोफेत हे भोक आतल्या पोकळीपर्यंत पोचलेलंच असलं पाहिजे. म्हणून त्यात बारीक तार सोडून बघतात. पुढून लाकडाची काडी आत घालून पोकळी किती खोल आहे तेही मोजतात. दोन्ही मापं बाहेरून नळीवर ठेवली की कळतं, कान आणि पोकळी एकमेकांना मिळतात की नाही.

यांच्या तोफेत तार थोडी आत जाऊन अडली. तेवढ्यावरून निकाल देता येत नाही. शत्रूच्या हाती गेली तर वाजू नये म्हणून तोफेच्या कानात खिळा ठोकायची जुनी चाल होती. इतिहासाच्या पुस्तकांत आपण ती वाचली आहे. कदाचित कान मागाहून बुजवला असेल. पण पुढून घातलेली काडीही जेमतेम चार बोटं जाऊन थांबली. म्हणजे नळीची पोकळी कानाच्या कितीतरी आधी संपते. मागची सगळी नळी भरीव आहे. कान हा नुसता खळगा आहे, दिसायला केलेला. ही तोफ कधी वाजली नाही, तिला वाजताच येणार नाही.

चौथं, गाडा. त्याच्या लोखंडी पट्ट्या ज्या चार स्क्रूंनी बसवल्या आहेत, त्यांच्या डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच आहे. हा फिलिप्स स्क्रू. अमेरिकेत त्याचे पेटंट 1936 साली मिळाले. म्हणजे हे स्क्रू त्यानंतरचेच. पण इथेही सांभाळून. लाकूड कुजलं, गाडा दुरुस्त केला, स्क्रू नवे घातले असं होऊ शकतं. नवा स्क्रू स्क्रूबद्दल बोलतो, नळीबद्दल तो काहीच सांगत नाही.

पाचवं, झीज. खरोखर वापरलेल्या तोफेत कानाच्या कडा जळून गोलसर झालेल्या असतात, तोंडाच्या आत दारूचा काळपट थर धरलेला असतो. हाताळून आलेलं जुनेपण उंचवट्यांवर गुळगुळीत आणि खाचांमध्ये काळं असतं, कारण हात आणि फडकं खाचेत पोचत नाही. मुद्दाम आणलेलं जुनेपण मात्र सगळीकडे सारखं दिसतं. पण या तोफेबाबतीत हा पुरावा वाचणंच कठीण आहे. इतकी वर्षं दर खंडेनवमीला चिंच आणि राख लागली आहे. ज्या प्रेमाने घरच्यांनी तिला लख्ख ठेवलं, त्याच प्रेमाने तिच्या अंगावरचं पुष्कळसं लिखाण पुसलं गेलं. (ज्यांच्या घरी अशी वस्तू आहे त्यांनी यातून एवढं घ्यावं : तपासून होईपर्यंत घासू नका. कोरड्या मऊ कापडाने धूळ झटका, बस्स.)

मग निष्कर्ष काय निघाला? नीट लक्ष द्या, कारण नीतीचा अर्धा प्रश्न इथेच आहे. "तोफ नकली आहे" असा निष्कर्ष निघालेला नाही. निघाला तो एवढाच : धातू पितळ आहे, तोफ कधी वाजलेली नाही, गाड्याचे स्क्रू 1936 नंतरचे आहेत. नळी किती जुनी हे या तपासणीतून कळत नाही. शोभेच्या, नमुन्याच्या छोट्या तोफा पूर्वीही होत आणि आजही होतात. पितळनगरी म्हणून ओळखलं जाणारं मुरादाबाद शोभेचं पितळकाम जगभर पाठवतं, आणि त्या कारागिरीत कमीपणा काही नाही. दरबारातून एखाद्याला तोफेचा छोटा नमुना भेट मिळाला असणंही अशक्य नाही. मात्र "सलामीला वाजायची" हा गोष्टीतला भाग टिकत नाही. "बक्षीस मिळाली" हा भाग ना सिद्ध झाला, ना खोटा ठरला.

सलामीची गोष्ट आपल्या घरांतून का फिरते हेही सहज समजण्यासारखं आहे. ब्रिटिश काळात बडोदा, ग्वाल्हेर आणि हैदराबादला 21 तोफांचा मान होता, इंदूर आणि कोल्हापूरला 19. मल्हारराव गायकवाडांनी तर सोन्याच्या तोफा करवून घेतल्या. ज्या गावात मान तोफांनी मोजला जायचा, त्या गावातल्या घरात तोफ असली की तिच्याभोवती सलामी आपोआप जमा होते. मुद्दाम कुणी रचायला लागत नाही.

*खऱ्या इशाऱ्याच्या तोफेचं काम*

वीत-दोन वीत लांबीच्या, खरोखर वाजणाऱ्या पितळी तोफाही असत. त्या जहाजांवर, शिडाच्या होड्यांवर, बंदरांवर असत. पितळ खाऱ्या हवेत लोखंडासारखं गंजत नाही, म्हणून पितळ. त्यांत गोळा घालत नसत. दारू आणि वर ठासलेला बोळा, एवढंच. शर्यत सुरू करायची, सूर्यास्ताला झेंडा उतरवायचा, धुक्यात आपण इथे आहोत हे कळवायचं, अशी कामं. अमेरिकेतल्या विंचेस्टर कंपनीने 1903 पासून कोरं काडतूस उडवणारी अशी छोटी तोफ विकायला आणली होती. समुद्रावर संकटात सापडलेल्या जहाजाने मिनिटा-मिनिटाच्या अंतराने बार काढावा, ही खूण आंतरराष्ट्रीय नियमांत आजही आहे.

या तोफेला कुणाला मारायचं नसतं. तिचं सगळं मोल तिच्यावर विश्वास ठेवण्यात आहे. उगाच वाजली तर दुसऱ्या वेळी कुणी धावून येणार नाही. आणि वाजायच्या वेळी वाजली नाही तर? तर ऐकणारे समजतात, सगळं ठीक आहे.

इथे थांबून विचार करू. बंदरावर रोज दुपारी एक वाजता तोफ होत असेल आणि एखाद्या दिवशी ती झालीच नाही, तर खलाशी काय समजेल? "अजून एक वाजायचा आहे." तोफेने त्याला काही सांगितलं नाही, तरी तिच्या गप्प राहण्याने त्याला चुकीची वेळ सांगितली. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाचं गप्प राहणं काहीच सांगत नाही. पण ज्याच्या आवाजाची दुसरा वाट बघतो आहे, त्याचं गप्प राहणं हे बोलणंच असतं.

वाटणीच्या बैठकीत थोरले काका नेमके याच भरवशावर बसलेले आहेत. कुणाला काही वावगं माहीत असेल तर घरचं माणूस सांगेल, हा तो भरवसा. त्या भरवशावर ते खोली सोडत आहेत. वडील म्हणतात आपण खोटं बोललो नाही, ते शब्दाला धरून बरोबर आहे. पण काका जे खोटं धरून चालले आहेत ते आपल्या गप्प राहण्यामुळे टिकून आहे, आणि त्याचा फायदा आपल्याच पदरात पडतो आहे.

धर्मराजाची कथा आपल्याला पाठ आहे. अश्वत्थामा गेला, एवढं तो मोठ्याने बोलला. हत्ती, हा शब्द हळू बोलला. लोकांच्या तोंडी असलेल्या कथेत तर शंखांच्या आवाजात तो बुडालाच. शब्द एकही खोटा नव्हता. तरीही जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला, असं व्यासांनी सांगितलं आहे. द्रोणाचार्य ज्या समजुतीने शस्त्र खाली ठेवणार होते, ती समजूत खोटी होती आणि ती आपण होऊ दिली, हे धर्मराजाला माहीत होतं. हिशेब तिथे झाला.

*आजोबांच्या शब्दाचं काय?*

आता दुसरा प्रश्न, जो या गुरुबंधूंना जास्त टोचतो आहे. वडीलधाऱ्यांच्या शब्दाची परीक्षा घ्यायची का? आपण तर वडिलांचा, गुरूंचा शब्द प्रमाण मानणारे लोक.

इथे आपल्याच जुन्या शास्त्राचा आधार घेऊ. गौतमांच्या न्यायसूत्रांत ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचा, विश्वासू माणसाचा शब्द. त्यावरच्या वात्स्यायनांच्या भाष्यात आप्त कोण हेही उलगडून सांगितलं आहे. त्याने ती गोष्ट स्वतः नीट जाणलेली असली पाहिजे, आणि जशी जाणली तशीच सांगायची त्याची इच्छा असली पाहिजे. दोन अटी आहेत. एक जाणण्याची, एक सचोटीची.

आजोबांच्या सचोटीत तसूभर उणं नाही. त्यांनी ऐकलं तसं सांगितलं. पण तोफ वाजताना त्यांनी पाहिली नाही. त्यांच्याही वडिलांनी पाहिली की ऐकली, ते कुणाला ठाऊक नाही. म्हणजे ज्या मुद्द्यावर शंका आहे त्या मुद्द्याचे ते साक्षीदारच नाहीत. तिथे तोफेची काडीने मोजलेली खोली हे प्रत्यक्ष आहे. प्रत्यक्ष मानलं म्हणून आजोबा खोटे ठरत नाहीत. गोष्टीवर शंका घेणं वेगळं, माणसावर शंका घेणं वेगळं. ही सांगड आपण उगाच घालतो, आणि मग एकतर डोळे मिटून घेतो किंवा वडिलांना उलट बोलतो.

स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहराचं उदाहरण मला इथे आठवतं. तिथल्या किल्ल्यावरून 1861 पासून रविवार वगळता दुपारी एकला तोफ होते, आजही होते. बंदरातल्या जहाजांना आपली घड्याळं लावता यावीत म्हणून ती सुरू झाली. आता आवाज एका सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. तीन-साडेतीन किलोमीटरवरच्या लीथ बंदरात तोच बार सुमारे दहा सेकंद उशिरा ऐकू येणार. तोफ खोटी नाही, कान खोटे नाहीत, अंतर मधे आहे. म्हणून त्याच साली किल्ल्याभोवती वर्तुळं काढलेला एक नकाशाच छापला गेला : तुम्ही इथे उभे असाल तर ऐकू आल्यावर इतके सेकंद वजा करा.

घरातल्या गोष्टींनाही असंच अंतर पार करून यावं लागतं. पणजोबांपासून नातवापर्यंत तीन पिढ्या. वाटेत "तोफ मिळाली"ची "सलामीची तोफ मिळाली" होते. वजाबाकी करणं म्हणजे तोफ खोटी पाडणं नव्हे. आपण किती लांब उभे आहोत हे मान्य करणं, एवढंच त्यात आहे. खलाशी त्या तोफेवर रागावला नाही, तिला डोक्यावर घेऊनही नाचला नाही. त्याने दहा सेकंद वजा केले आणि घड्याळ लावलं.

मग इतकी वर्षं झाली ती पूजा वाया गेली का? मुळीच नाही. खंडेनवमीला त्या घरात शस्त्राला हात जोडतात, पूर्वजांची आठवण काढतात. त्यासाठी तोफ वाजलेली असण्याची गरज नव्हती. पॅरिसच्या पाले-रॉयाल बागेत 1786 सालची एक छोटी तोफ होती. भिंगातून येणाऱ्या उन्हाने भर दुपारी आपोआप बार व्हायचा. 1998 साली मूळ तोफ चोरीला गेली. पुढे तिथे प्रतिकृती बसवली. प्रतिकृती आहे हे कुणी लपवलं नाही, म्हणून तिथे कुणाची फसवणूक होत नाही. घरातली गोष्ट श्रद्धेच्या जागी आहे तोवर तिला कुणी पुरावा मागत नाही, मागूही नये. पण ज्या दिवशी त्या गोष्टीच्या जोरावर कुणाची भाड्याची खोली जाते, त्या दिवशी ती हिशेबात आली. हिशेबात आलेल्या गोष्टीला मोजमाप लागतं. ते मोजमाप ज्याच्याजवळ आहे त्याने ते काढून ठेवायला हवं.

*सांगायचं कसं*

आमच्या या गुरुबंधूंना म्हणून सांगणं असं.

पहिलं, वडिलांना बाजूला टाकून जाऊ नका. त्यांच्याशी पुन्हा एकदा, शांतपणे बोला. ते लोभी आहेत असं धरू नका. पुष्कळदा माणूस लोभापेक्षा संकोचाने गप्प राहतो. मोठ्या भावाला आणि म्हाताऱ्या वडिलांना एकाच वेळी दुखवायचं कसं, हे त्याला कळत नाही. त्यांना एवढंच विचारा : "उद्या काकांनी तोफ कुणाला दाखवली, त्यांना हेच कळलं, आणि आपल्याला आधीच माहीत होतं हेही कळलं, तर तुम्ही दोघं पुन्हा एका पंगतीला बसाल का?" खोलीचं भाडं येत राहील. पण भावाचं येणं-जाणं थांबलं तर त्याची भरपाई कशाने करायची?

दुसरं, कागद होण्याआधी सांगा. नंतर सांगितलेलं सत्य बहुतेक वेळा निरुपयोगी असतं, आणि ऐकणाऱ्याला ते टोमण्यासारखं लागतं. शर्यत संपल्यावर वाजलेल्या तोफेचा काय उपयोग?

तिसरं, काकांना एकट्याला, समोर बसून सांगा. वडील सोबत असतील तर उत्तम. फॅमिली ग्रुपवर फोटो आणि "हे बघा काय निघालं" असलं काही टाकू नका. तिथे चाळीस माणसं, चाळीस मतं, आणि आजोबांच्या हातातही फोन आहे.

चौथं, जेवढं कळलं तेवढंच सांगा. "नकली आहे" म्हणू नका, "काही किंमत नाही" म्हणू नका. ते तुम्हाला माहीत नाही. "काका, ही वाजणारी तोफ नाही. पोकळी इथपर्यंतच आहे, तुम्ही स्वतः काडी घालून बघा. नळी किती जुनी ते मला कळत नाही. हवं तर जाणकाराला दाखवू. मग तुम्हाला जो निर्णय घ्यायचा तो घ्या." काडी त्यांच्याच हातात द्या. आपल्या हाताने मोजलेलं माणसाला पटतं, आणि कुणी आपल्याला शिकवलं असंही वाटत नाही. इतकं कळूनही काकांनी तोफच घेतली, तर तो सौदा राहत नाही. मग त्यांनी ती आवडीने घेतली, आणि त्यात तुमच्यावर कसलाही बोजा नाही.

पाचवं, आजोबा. त्यांच्याकडे आपण होऊन ही गोष्ट घेऊन जायची गरज मला वाटत नाही. त्यांना तोफेच्या बदल्यात काही द्यायचं-घ्यायचं नाही. त्यांच्या बाजूने हिशेबच नाही. पण त्यांनी विचारलं, "काय रे, दोघांचं काय बोलणं चाललंय?" तर खोटं सांगू नका. 86 वर्षांचा माणूस आपल्याला वाटतो तितका कच्चा नसतो. कदाचित ते म्हणतील, "मलाही लहानपणी शंका आली होती." कदाचित त्यांना वाईट वाटेल, घटकाभर गप्प बसतील. तेव्हा त्यांच्याजवळ बसून राहा. सत्य सांगितलं की आपलं काम संपलं असं नसतं. ऐकणाऱ्याला ते पचेपर्यंत सोबत करणं हेही त्याच कामात येतं.

आणि एक सूचना, सगळ्याच घरांसाठी. अशी वस्तू घरात असेल तर तिच्यासोबत एक कागद ठेवा. मधे रेघ ओढा. डावीकडे लिहा : काय ऐकलं, कुणाकडून ऐकलं, त्यांनी कुणाकडून ऐकलं. उजवीकडे लिहा : काय पाहिलं, काय मोजलं, कोणत्या तारखेला. आजोबांची गोष्ट डावीकडे, त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या नावासकट. काडीची खोली, स्क्रूची खाच, वजनाचा आकडा उजवीकडे. कुठलीही बाजू खोडू नका. आपल्या नातवंडांना दोन्ही मिळाल्या पाहिजेत. गोष्टही मिळावी आणि किती वजा करायचं तेही कळावं.

वडील विचारतात, आपण कुठे खोटं बोललो? उत्तर असं : अजून तरी कुठे नाही. कागद दिवाळीनंतर व्हायचे आहेत. तेवढा वेळ हातात आहे.

या प्रश्नावर आपापल्या घरी जरूर बोला. आपल्याकडे अशी एखादी वस्तू, अशी एखादी गोष्ट आहे का, आणि तिच्या भरवशावर घरातलं कुणी काही देतं-घेतं आहे का, एवढं एकदा बघा. कुणाला वेगळं वाटत असेल तर मोकळेपणाने कळवा. पुढच्या अंकात आदराने घेऊ.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥ 🙏